बर्फावरील शर्यती आणि प्रांतिक संघ

स्कीवरून डोंगर उतरण्याची शर्यत आपल्यापैकी फारच थोड्यांनी प्रत्यक्ष पाहिली असेल. पायांना लांब, निमुळत्या पट्ट्या बांधावयाच्या, हातांत दोन काठ्या घ्यावयाच्या आणि बर्फाच्या उतारावर रोवलेल्या खांबांमधून वळणे घेत खाली यावयाचे, हे तिचे बाह्य रूप. खांब जवळजवळ रोवले म्हणजे स्लॅलम, दूर रोवले म्हणजे जायंट स्लॅलम. आणि डाउनहिलमध्ये तर माणूस ताशी सव्वाशे किलोमीटरांहूनही अधिक वेगाने खाली झेपावतो. जयपराजय सेकंदाच्या शंभराव्या भागाने ठरतो.

विजेत्याचे छायाचित्र वृत्तपत्रांत झळकते. तो त्या उतारापर्यंत पोहोचला कसा, हे मात्र छायाचित्रात दिसत नाही. ऑस्ट्रियापुरते बोलावयाचे तर या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्याच्या प्रांताच्या स्की-संघात शोधावे लागते. ऑस्ट्रियाचे प्रांत नऊ, आणि १९०५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय स्की-संघाचे घटक असलेले प्रांतिक संघही नऊच. त्यांपैकी साल्झबुर्ग हे नाव आपल्याला मोत्सार्ट या संगीतकाराचे जन्मस्थान म्हणून परिचित आहे. त्या प्रांताची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम शहराएवढी. परंतु विश्वचषकाचे सर्वांगीण अजिंक्यपद सहा वेळा मिळविणारी आनेमारी मोझर-प्रोल याच प्रांतातील क्लाइनार्ल या खेड्यातील, आणि २०१२ पासून २०१९ पर्यंत सलग आठ वेळा तेच पद मिळविणारा मार्सेल हिर्शर आनाबेर्गचा.

हे केवळ डोंगर आणि हिम यांचे देणे नव्हे. खेड्यातील क्लबात मूल स्की शिकते. पुढे जिल्ह्याच्या शर्यती आणि त्यांच्या वर प्रांतिक चषकाच्या शर्यती असतात. त्यांतील निकाल पाहून प्रांतिक संघ आपले पथक निवडतो, त्याला प्रशिक्षक देतो, आणि शरद ऋतूत खाली हिम पडण्यापूर्वीच किट्सस्टाइनहॉर्नसारख्या हिमनदीवर सरावाची सोय पाहतो. सोळाव्या वर्षाच्या सुमारास आंतरराष्ट्रीय संघाच्या गुणांकनाच्या शर्यती खुल्या होतात. तोपर्यंतचा बहुतेक भार प्रांताच्याच खांद्यावर असतो. खर्चही लहान नाही. प्रत्येक प्रकाराला स्कीची वेगळी जोडी लागते, आणि वाढत्या वयाच्या मुलाला दर वर्षी नवी. वर्गणी, सरकारी अनुदान आणि व्यापाऱ्यांचे साहाय्य यांवर संघाचा हा संसार चालतो. तरीही आईबापांच्या खिशाला चाट बसतेच.

शर्यतीच्या दिवशी प्रत्येक काही खांबांमागे एक पंच उभा असतो. कोणी खांब चुकवला की त्याने तशी नोंद करावयाची. ही माणसे बहुधा क्लबातील स्वयंसेवक, स्पर्धकांचेच आईबाप वा काके-मामे. पहाटेपासून थंडीत पाय गोठवीत ती उभी असतात. वैकुंठाच्या द्वारपालांची नावे तरी आपल्याला ठाऊक आहेत. या द्वारपालांची कोणालाच नसतात. त्यांच्यावाचून एकही शर्यत होणार नाही.

आपल्या देशातील चित्र याच्या शेजारी ठेवून पाहावे. २०२२ च्या पेकिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये गुलमर्गचा आरिफ खान हा भारताचा एकमेव खेळाडू होता. जायंट स्लॅलममध्ये तो पंचेचाळिसावा आला. गुलमर्गला त्याच्या वडिलांचे स्की-साहित्याचे दुकान होते, म्हणून त्याचे पाय बालपणीच बर्फावर पडले. खेड्यापासून राष्ट्रापर्यंतच्या साऱ्या पायऱ्या जेथे एका कुटुंबालाच बांधाव्या लागतात, तेथे पंचेचाळिसावा क्रमांक लहान म्हणवत नाही.

मात्र ऑस्ट्रियाची रचना निर्दोष आहे असे मानण्याचे कारण नाही. तिचा अवघड प्रश्न निवडीचा आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांतून उद्याचा विजेता ओळखावयाचा तरी कसा? ऑस्ट्रियातीलच अभ्यासकांना असे आढळले आहे की निवडल्या गेलेल्या मुलांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचे प्रमाण अधिक असते. डिसेंबरात जन्मलेला मुलगा त्याच वयोगटात धावतो. पण तो जानेवारीतल्या मुलाहून जवळजवळ वर्षाने लहान असतो. घड्याळ वेळ मोजते, वाढ मोजत नाही.

हेर्मान मायर याचा जन्म ७ डिसेंबर १९७२ चा, गाव साल्झबुर्ग प्रांतातील फ्लाखाउ. पंधराव्या वर्षी तो शेजारच्या प्रांतातील श्लाडमिंगच्या स्की-विद्यालयात गेला. वाढीच्या वयातील दुखण्याने त्याचे गुडघे साथ देईनात, शरीरही किरकोळ. तेथून तो परतला. गावी येऊन त्याने गवंडीकाम शिकून घेतले. उन्हाळ्यात विटा रचाव्यात आणि हिवाळ्यात वडिलांच्या स्की-शाळेत पर्यटकांना शिकवावे, असा त्याचा क्रम सुरू झाला. राष्ट्रीय पथकाचा दरवाजा बंद होता. प्रांतिक चषकाचा मात्र उघडा राहिला होता. कोणत्याही पथकात नसलेला हा गवंडी साल्झबुर्गच्या आणि तिरोलच्या प्रांतिक शर्यती जिंकत राहिला. तरीही वरच्यांचा त्याच्यावर विश्वास बसेना. मला यात दोन गोष्टी दिसतात: त्या शर्यती नसत्या तर मायर टिकला नसता, आणि त्यांचे निकाल कोणी मन लावून वाचले असते, तर त्याची काही वर्षे वाचली असती. निकालपत्रक छापणे वेगळे आणि वाचणे वेगळे.

६ जानेवारी १९९६ रोजी फ्लाखाउलाच विश्वचषकाची जायंट स्लॅलम शर्यत होती. स्पर्धकांपूर्वी मार्ग तपासण्यासाठी काही स्कीपटू खाली सोडतात. त्यांची वेळ निकालात धरीत नाहीत. तेवीस वर्षांचा मायर त्यांत होता. त्याची वेळ बाराव्या क्रमांकाच्या तोडीची निघाली, आणि त्या दिवसानंतर त्याला राष्ट्रीय पथकात घेतले गेले. दोन वर्षांनी नागानो ऑलिंपिकच्या डाउनहिलमध्ये तो हवेत उडून कुंपणापलीकडे आदळला. नंतर काही दिवसांतच त्याने तेथे दोन सुवर्णपदके मिळविली. विश्वचषकाच्या एकूण ५४ शर्यती त्याच्या नावावर आहेत.

फ्लाखाउच्या त्या उताराला आता त्याचे नाव आहे. जानेवारीत तेथे स्त्रियांची रात्रीची स्लॅलम शर्यत भरते, आणि पहिली स्पर्धक सुटण्यापूर्वी कोणी तरी मार्ग तपासण्यासाठी खाली उतरत असते.