प्रयोग फसतो तोही दाखवा

(एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेतल्या मुलांसाठी विज्ञानप्रयोगांचे व्हिडिओ आम्ही कसे बनवतो, हे सांगायला मला बोलावलंय. कॅमेऱ्याचं आधी उरकून टाकतो. साधा मोबाईल पुरतो. तो टेकवायला पुस्तकांची चळत, उजेडाला सकाळची खिडकी. आवाज नीट यावा म्हणून पंखा बंद करायचा आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या संपेपर्यंत थांबायचं. झालं.

खरी अडचण पुढे आहे. फुगा केसांवर घासला की कागदाचे कपटे उडून त्याला चिकटतात, हा प्रयोग तुम्ही मोबाईलवर पाहिला असेल. आता आपल्याकडची एखादी सातवीतली मुलगी जुलैमध्ये तो करून बघते. कपटे हलतसुद्धा नाहीत. ती पुन्हा घासते, पुन्हा तेच. व्हिडिओतल्या मुलाला पहिल्याच झटक्यात जमलेलं असतं. मग ती ठरवून टाकते की हे आपलं काम नाही. खरं तर दोष वसईच्या हवेचा. पावसाळ्यात हवेत इतकं बाष्प असतं की फुग्यावर पाण्याचा न दिसणारा पातळ थर बसतो आणि घासून साठवलेला विद्युतभार त्यातून निसटून जातो. डिसेंबरातल्या कोरड्या दिवशी तोच फुगा मस्त चालतो. म्हणून आम्ही हा प्रयोग जुलैत शूट केला, डिसेंबरात केला आणि दोन्ही तुकडे एकापाठोपाठ एक ठेवले. फसलेला तुकडा कापायचा नाही, हा आमचा पहिला नियम.

दुसरा नियम, व्हिडिओत जे सांगतात ते तपासायचं. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास उपडा. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. बहुतेक ठिकाणी स्पष्टीकरण ठरलेलं: हवेतला ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली. ऐकायला छान वाटतं. पण एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा. तोच ग्लास, आत ऑक्सिजन तेवढाच, तरी पाणी जास्त चढतं. शिवाय नीट बघा, पाणी भराभर चढतं ते ज्योत विझल्यावर. ज्योतीने ग्लासातली हवा तापून फुगते, थोडी कडेने बुडबुडे काढत बाहेर जाते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पाणी आत ढकलते. जळताना ऑक्सिजन खर्च होतो, पण पाणी चढण्याचं मुख्य कारण तापणं-निवणं आहे. पाचवीतलं पोर हे तीन मेणबत्त्यांनी सिद्ध करू शकतं. (घरातलं मोठं माणूस शेजारी हवंच. ओढणी, लांब बाही सांभाळा.)

आमचे उस्ताद म्हणाल तर अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात टेल्कोत नोकरी, मग होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथून काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून आकार आणि खेळणी घडवू लागले. पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी टाकाऊतून खेळण्यांचे छोटे छोटे व्हिडिओ केले. ते मराठीसह अनेक भाषांत आहेत, फुकट आहेत. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या व्हिडिओत नजर हातांवर आणि वस्तूवर राहते.

ती हातांची गोष्ट आमच्या फार कामी आली. काही पालक म्हणतात, मुलीचा चेहरा नेटवर नको. मी वाद घालत नाही, कुठल्याच लहान मुलाचा चेहरा नेटवर नको असं माझंही मत आहे. मात्र हात तिचे आणि आवाजही तिचाच, यावर मी अडून बसतो. मेंदी लागलेले हात बॅटरीला वायर जोडताना दिसले की बघणाऱ्या मुलीला वेगळं काही समजावावं लागत नाही.

भाषेचंही बघा. मराठी शाळेत ‘घनता’, उर्दू शाळेत ‘कसाफत’, अकरावीत अचानक ‘डेन्सिटी’. तीन वर्गांतली हुशार मुलं एकाच गोष्टीला अडखळतात. आम्ही व्हिडिओत तिन्ही शब्द एकदा बोलतो, मग मुलाला सोयीचा तो वापरतो. दोन सेकंद जास्त लागतात.

आता थोडं कडू. ‘मुसलमानांनी जगाला विज्ञान दिलं’ असे फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर येत असतील. इब्न अल-हैसमचं नाव त्यात हमखास असतं. हजार वर्षांपूर्वीच्या या माणसाने एका भोकासमोर बरेच दिवे ठेवले आणि आतल्या अंधारात तेवढेच प्रकाशाचे ठिपके पाहिले. एक दिवा झाकला, फक्त त्याचाच ठिपका गेला. त्याने टॉलेमीसारख्या मान्यवराबद्दलच्या शंकांचं अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचा अभिमान मिरवणाऱ्यांपैकी किती जणांनी तो दिव्यांचा प्रयोग केलाय? अंधारं बाथरूम, पुठ्ठ्याला एक भोक आणि तीन मोबाईलचे टॉर्च लागतात. वेळ दहा मिनिटं.

पुढचा व्हिडिओ तोच आहे. उर्दूतून सांगणारा एक आवाज कमी पडतोय, आणि टॉर्च धरायला तीन माणसं. येत्या रविवारी सकाळी, पाणी यायच्या आधी जमू, नाहीतर नळाचा आवाज सगळा रेकॉर्ड होतो.