घरासाठी दार कुणाचं ठोठवायचं?



शिरूर-दौंडमध्ये घराचा विषय निघाला की आपण आधी एजंट गाठतो. गावात असाल तर आधी ग्रामपंचायत गाठा. तिथं अडलं तर पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. शहरात नगर परिषद आहे. ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेचे 1,20,000 रुपये हे अनुदान आहे, कर्ज नाही. त्यामुळं व्याजाचा प्रश्नच नाही.

प्लॉट घेताना नुसत्या नोटरीच्या कागदावर पैसे देऊ नका. सातबारा, फेरफार, एनए आदेश पाहा. मोठं प्लॉटिंग असेल तर महारेरा क्रमांक तपासा. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवा.

मी सॉफ्टवेअरवाला, ऑनलाइन सातबारा मी मिनिटांत काढतो. मोहल्ल्यातल्या चाचींचा त्यात दिवस जातो, मजुरीही बुडते. या आठवड्यात प्रत्येकानं एका घराची कागदपत्रं तपासून द्या.