बोलता तसं लिहा

(रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागवण्याच्या सभेत केलेले भाषण)



स्मरणिकेसाठी लेख मागायला आम्ही घरोघर फिरलो. बहुतेक दारांत एकच उत्तर मिळालं, "आम्हाला कुठं लिहिता येतं? आमची भाषा गावाकडची." आणि त्याच दारात उभं राहून ही मंडळी पहिल्या उन्हाळ्यातल्या पाण्याच्या टँकरची हकिकत अर्धा तास रंगवून सांगत होती! लिहायला बसलं की मात्र कागदावर येतं, "आमची सोसायटी निसर्गरम्य परिसरात वसलेली आहे." टँकर गेला, रांग गेली, हंड्यांवरून झालेली भांडणंही गेली. उरलं ते कुठल्याही सोसायटीला चालेल असं वाक्य.

माझी नोकरी बँकेतली, त्यातली बरीच वर्षं शिरूर आणि दौंड भागात गेली. दौंडला असताना भीमेच्या काठचे एक शेतकरी पीककर्जाची मुदत वाढवून मागायला आले. अर्ज दुसऱ्या कुणाकडून लिहून आणलेला, "नैसर्गिक आपत्तीमुळे उत्पन्नात घट झाल्याने..." मी विचारलं, "मामा, नक्की झालं काय?" ते म्हणाले, "सायेब, राती पाणी चढलं. मोटर गेली, पाइप गेलं, ऊस आडवा झाला. सकाळी बांध कुठला नि नदी कुठली, कळंना." एवढ्यावरून नुकसान माझ्या डोळ्यांपुढं उभं राहिलं. पाहणीला गेल्यावर काय बघायचं तेही कळलं. अर्जाला अर्जाची भाषा लागते, त्याबद्दल तक्रार नाही. पण आठवण लिहिताना अर्ज कशाला लिहायचा?

मराठीत याचे मोठे दाखले आहेत. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म 1868 चा. शाळेचं शिक्षण त्यांना मिळालं नाही, आणि पती नारायण वामन टिळक तर नावाजलेले कवी. त्या दडपणाखाली न येता त्यांनी घरात बोलावं तसं 'स्मृतिचित्रे' लिहिलं. त्याचा पहिला भाग 1934 साली आला, तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. तेव्हा वयाची सबब कुणी सांगू नये.

शेजारच्या सातारा जिल्ह्यात, फलटणला बेबीताई कांबळे किराणा दुकान चालवायच्या. दुकानात बसून त्या लिहायच्या आणि कागद घरच्यांपासून लपवून ठेवायच्या. त्यांचं 'जिणं आमुचं' 1986 साली पुस्तकरूपानं आलं. आपल्या वस्तीचं जगणं त्यांनी आपल्याच शब्दांत मांडलं.

आणि बहिणाबाई चौधरींना तर अक्षरओळखच नव्हती. शेतात, जात्यावर त्या ओव्या रचायच्या आणि घरची मंडळी त्या उतरून घ्यायची. 1951 साली त्या गेल्या. मुलगा सोपानदेव यांनी आचार्य अत्र्यांना त्या कविता दाखवल्या आणि 1952 साली पुस्तक निघालं, तेही त्यांच्या खानदेशी बोलीतच. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

म्हणून माझ्या चार साध्या सूचना.

पहिली, आधी घरात कुणाला तरी तोंडी सांगा, मग तेच कागदावर घ्या.

दुसरी, एकच प्रसंग निवडा. "सर्वांचे सहकार्य लाभले" असं न लिहिता कोण काय घेऊन धावलं ते लिहा.

तिसरी, लिहिलेलं मोठ्यानं वाचा. जिथं जीभ अडखळते, तो शब्द बहुधा तुमचा नसतो. तो काढा.

चौथी, ज्यांना लिहिणं जमत नाही त्यांनी सांगावं आणि नातवंडांनी उतरून घ्यावं. आज्जी "व्हतं" म्हणाली तर "व्हतं"च लिहा. ऱ्हस्व-दीर्घ आम्ही पाहू, शब्द बदलणार नाही.

मात्र आपल्या भाषेत लिहायचं म्हणजे मनाला येईल ते लिहायचं, असं नाही. तारीख, रक्कम, नाव तपासून घ्या. एवढी बँकेची सवय मी सोडणार नाही!

मंडळी, ही घाई एवढ्यासाठी की सुरुवातीच्या सभासदांपैकी काही जण आज आपल्यात नाहीत. बोअरला पाणी लागलं त्या दिवशी काय झालं, हे त्यांच्याइतकं चांगलं कुणालाच सांगता येत नव्हतं. ते आपण लिहून घेतलं नाही, आणि आता विचारायचं कुणाला? अजून जे सांगू शकतात ते या हॉलमध्ये बसलेत. महिनाअखेरपर्यंत कागद माझ्याकडे द्या. वहीचं पान चालेल, पेन्सिलनं लिहिलेलंही चालेल.