लेकींची अबोल वेदना
(सूर्यमाळ येथील ज्ञातिमेळाव्यातील भाषण)



मासिक पाळीत पोट धरून बसलेल्या एका विद्यार्थिनीस आम्ही भर वर्गात ‘ढोंगी’ म्हटले होते. तो शब्द आजही आम्हांस बोचतो. ही वेदना खोटी नव्हे. पाळीच्या वेळी प्रोस्टाग्लॅन्डिन नामक द्रव्ये गर्भाशयास आकुंचन पावावयास लावतात. त्यातून कळा उठतात. ओटीपोटास शेक, हलकी हालचाल व डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळीच घेतलेली वेदनाशामक गोळी यांनी बहुधा उतार पडतो. परंतु कळा वर्षागणिक वाढत असतील, वा पाळी नसतानाही उठत असतील, तर मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय किंवा जव्हारचे कुटीर रुग्णालय गाठावे. त्या मुलीची क्षमा मागणे राहूनच गेले. आपण तरी आपल्या लेकींचे ऐकावे, ही विनंती.