मृतदेहाविना सिद्ध झालेला खून
(बुलढाणा जिल्ह्यातील कार्यकर्ते व कुटुंबीय यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



घरातील माणूस मृत्यू पावले तर शोक कसा करावा, हे आपल्या समाजाला ठाऊक आहे. दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध, शेजाऱ्यांनी चार दिवस पाठविलेला डबा, या सर्वांतून कुटुंब पुन्हा उभे राहते. परंतु घरातील माणूस नाहीसेच झाले तर? पत्नी कामावर गेली आणि परतली नाही, फोन बंद लागतो आणि ती जिवंत आहे की नाही, हेही कोणी सांगू शकत नाही, अशा घराने काय करावे? कुंकू पुसावे की जपावे, श्राद्ध घालावे की वाट पाहावी, मुलीला काय सांगावे? कोल्हापूर जिल्ह्यातील एक कुटुंब या प्रश्नांपुढे नऊ वर्षे उभे होते. बुलढाण्यापासून हातकणंगले तालुक्यातील आळते हे गाव दूर असले, तरी त्या कुटुंबावर ओढवलेला प्रसंग आपल्या मेहकर, चिखली वा खामगावच्या कोणत्याही घरावर ओढवू शकतो. म्हणून ती हकिकत येथे सविस्तर सांगणे आवश्यक आहे.

आळते गावची कन्या अश्विनी बिद्रे. विवाहानंतर त्यांनी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला आणि पोलीस दलात अधिकारी म्हणून प्रवेश मिळविला. ग्रामीण भागातील एक विवाहित तरुणी स्वतःच्या कष्टाने खाकी गणवेश मिळविते, ही अभिमानाची गोष्ट. आपल्या जिल्ह्यातही पहाटे मैदानावर धावण्याचा सराव करणाऱ्या, भरतीची तयारी करणाऱ्या मुली आज गावोगावी दिसतात. अश्विनी त्यांच्यासारख्याच होत्या. सांगली येथे नेमणुकीवर असताना त्यांची ओळख पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकर याच्याशी झाली. ओळखीचे रूपांतर संबंधात झाले, संसारात अंतर पडले आणि पती-पत्नी वेगळे राहू लागले. पुढे त्या नवी मुंबई पोलिसांत कळंबोली येथे सहायक पोलीस निरीक्षक होत्या, तर कुरुंदकर ठाणे ग्रामीण दलात वरिष्ठ पदावर होता. विवाहित असलेल्या कुरुंदकरकडून आपल्याला मारहाण होते, याचे पुरावे अश्विनी यांनी स्वतःच्या संगणकात जपून ठेवले होते. ते पुढे तपासात उपयोगी पडले.

दि. 11 एप्रिल 2016 नंतर अश्विनी कोणालाही दिसल्या नाहीत.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. या ठिकाणी पुष्कळांच्या मनात एक विचार डोकावतो. सभ्य घरांतही डोकावतो. ‘तिचे वागणेच तसे होते’, असा तो विचार. तो उघड बोलला जात नाही, पण चौकीतील ठाणे अंमलदारापासून गल्लीतील शेजाऱ्यापर्यंत सर्वांच्या वर्तनात उतरतो. प्रौढ स्त्री बेपत्ता झाली की ‘गेली असेल कोणाबरोबर, येईल परत’ हे वाक्य जवळजवळ ठरलेले असते. या एका वाक्याने पहिले मौल्यवान दिवस वाया जातात आणि गुन्हेगाराला पुरावे नष्ट करण्यास सवड मिळते. स्त्रीच्या चारित्र्याची चिकित्सा करण्याचा अधिकार समाजाला आहे की नाही, हा वाद बाजूला ठेवू. तिच्या जिवाचा शोध त्या चिकित्सेवर अवलंबून ठेवण्याचा अधिकार मात्र कोणालाही नाही.

अश्विनी यांच्या घरच्यांची दिशाभूल करण्यासाठी त्यांच्याच मोबाईलवरून संदेश येत राहिले. आपण उत्तर भारतात जात आहोत, काही काळ संपर्क होणार नाही, अशा आशयाचे ते संदेश होते. आप्तांना मात्र त्या लेखनाची धाटणी परकी वाटली. ज्या व्यक्तीशी आपण वर्षानुवर्षे बोलतो, तिची शब्दांची ढब आपल्या कानात बसलेली असते. जुलै 2016 मध्ये कुटुंबाने हरवल्याची तक्रार दिली. संशय कोणावर आहे, हेही सांगितले. परंतु संशयित हा वरिष्ठ पोलीस अधिकारी होता.

पुढचा भाग वाचताना मन विषण्ण होते. पतीने आणि माहेरच्यांनी पोलीस ठाण्यांचे उंबरठे झिजविले, अखेर उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. अपहरणाचा गुन्हा दाखल होण्यास जानेवारी 2017 ची अखेर उजाडली, म्हणजे बेपत्ता झाल्यापासून नऊ महिन्यांहून अधिक काळ लोटला. आणि त्याच जानेवारी महिन्यात, प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने, याच कुरुंदकरला राष्ट्रपती पोलीस पदक जाहीर झाले! ज्याच्याविषयी एका महिला अधिकाऱ्याचे कुटुंब टाहो फोडत होते, त्याच्या नावाची शिफारस कोणत्या टेबलावरून कशी पुढे गेली, हा प्रश्न पुढे न्यायालयानेही विचारला. पदक हा राष्ट्राचा सन्मान असतो. त्याची अशी अवहेलना झाल्याचे दुःख प्रामाणिक पोलिसांना सर्वाधिक झाले असेल.

डिसेंबर 2017 मध्ये कुरुंदकरला अटक झाली. सहायक पोलीस आयुक्त संगीता शिंदे-अल्फान्सो यांनी तपासाची सूत्रे हाती घेतल्यावर धागे जुळू लागले. 2018 च्या प्रारंभी पकडलेल्या साथीदाराच्या चौकशीतून जे बाहेर आले, ते सांगताना जीभ अडखळते. भाईंदर भागातील सदनिकेत 11 एप्रिलच्या रात्रीच हत्या झाली होती. देहाचे तुकडे करून ते शीतकपाटात ठेवण्यात आले आणि नंतर वसईच्या खाडीत टाकण्यात आले. खाडीत शोधमोहिमा झाल्या. जवळजवळ दोन वर्षे भरती-ओहोटी झालेल्या त्या पाण्यातून काहीही मिळाले नाही.

मग खून सिद्ध कसा करावयाचा? ‘प्रेतच नाही तर खून कसला’, अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. कायदा तसे म्हणत नाही. हिमाचल प्रदेशातील रामानंद खटल्यात, ज्यात पत्नीच बेपत्ता झाली होती, सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये स्पष्ट केले की मृतदेह सापडणे ही शिक्षेची अपरिहार्य अट नाही. तशी अट असती तर प्रेताची निःशेष विल्हेवाट लावणारा सर्वांत निर्घृण गुन्हेगारच निर्दोष सुटला असता. मात्र अशा वेळी परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी अखंड असली पाहिजे.

महाराष्ट्राला अशा साखळीचा जुना परिचय आहे. पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे या सधन विधवा. नोव्हेंबर 1956 मध्ये डॉ. अनंत चिंतामण लागू या परिचित डॉक्टरांसमवेत त्या रात्रीच्या गाडीने मुंबईस निघाल्या आणि बेशुद्धावस्थेत गोकुळदास तेजपाल रुग्णालयात पोहोचल्या. डॉक्टरांनी तेथे त्यांचे नाव वेगळेच नोंदविले. काही तासांत मृत्यू झाला आणि देह बेवारस पडून राहिला. इकडे पुण्यात मात्र लक्ष्मीबाईंच्या नावाने पत्रे येत राहिली. आपण पुनर्विवाह करून राजस्थानात जयपूरजवळ सुखाने राहत आहोत, असे त्यांत लिहिलेले असे. दरम्यान त्यांची संपत्ती डॉक्टर हस्तगत करीत होते. शवविच्छेदनात विष आढळले नव्हते, तरीही डिसेंबर 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने फाशी कायम केली, ती डॉक्टरांच्या एकंदर वर्तनाची साखळी पाहून. तेव्हा बनावट पत्रे होती, साठ वर्षांनी बनावट संदेश आले. गुन्हेगाराची युक्ती तीच राहिली, टपालाची जागा तेवढी मोबाईलने घेतली.

परंतु मोबाईल दुधारी असतो. पत्रावर फार तर टपालाचा शिक्का असे. फोन मात्र कोणत्या मनोऱ्याच्या कक्षेत, कोणत्या वेळी होता, याची नोंद ठेवतो. अश्विनी यांच्या खटल्यात दूरध्वनीच्या नोंदी, फोनच्या ठिकाणाविषयीची माहिती, संदेशांची देवाणघेवाण आणि संगणकातील चित्रफिती यांनी ती साखळी विणली. सरकार पक्षातर्फे विशेष वकील प्रदीप घरत यांनी बाजू मांडली. पनवेल येथील सत्र न्यायाधीश के. जी. पालदेवार यांनी एप्रिल 2025 मध्ये कुरुंदकरला खुनासाठी दोषी ठरविले आणि 21 एप्रिल रोजी जन्मठेप सुनावली. पुरावा नष्ट करण्यास साह्य करणाऱ्या दोघांना सात वर्षांची शिक्षा झाली. ती त्यांनी कोठडीत भोगून झालेलीच होती. आणखी एका आरोपीची पुराव्याअभावी सुटका झाली, हेही सांगितले पाहिजे.

या प्रकरणातील पतीकडे थोडे लक्ष द्यावे. पत्नी त्याच्यापासून दूर गेली होती. ‘माझा काय संबंध’ म्हणून तो मोकळा झाला असता तर समाजाने त्याला फारसा दोष दिला नसता. कदाचित सहानुभूतीच दाखविली असती. त्याने तसे केले नाही. लहान मुलीला सांभाळत तो तारखांमागून तारखा न्यायालयात उभा राहिला. सप्तपदीच्या संस्काराविषयी आपण व्यासपीठांवरून पुष्कळ बोलतो. या माणसाने तो कोणतेही भाषण न करता निभावला.

अर्थात प्रत्येक प्रकरणात पती असाच असतो, असे नाही. पत्नीच्या अपमृत्यूत पतीवरच पहिला संशय जातो आणि अनेकदा तो खराही ठरतो. नांदेड जिल्ह्यातील त्रिमुख मारोती किरकन खटल्यात पत्नीचा मृत्यू सर्पदंशाने झाल्याचे सांगण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये म्हटले की घराच्या चार भिंतींआड जे घडले, त्याचा खुलासा करण्याची जबाबदारी घरात असणाऱ्यावर येते. पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम 106 मध्ये असलेले हे तत्त्व आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 109 मध्ये आहे. दुसऱ्या बाजूस पुण्याचा शरद बिरधीचंद सारडा खटला आहे. पत्नीच्या मृत्यूबद्दल खालच्या न्यायालयांनी पतीला फाशी दिली होती. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले आणि परिस्थितीजन्य पुराव्याची पाच तत्त्वे घालून दिली. न्यायालयाने त्यांना ‘पंचशील’ असेच संबोधले. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हे त्यामागचे सूत्र. जमावाने दारावर चालून जाण्यापूर्वी ते आठवावे.

आता आपल्या जिल्ह्यापुरते. मलकापूर आणि शेगाव ही स्थानके मुंबई-नागपूर लोहमार्गावर आहेत, समृद्धी महामार्ग सिंदखेडराजा आणि मेहकर परिसरातून जातो. एका रात्रीत माणूस राज्याच्या कोणत्याही टोकाला नेता येतो. तेव्हा ‘नातेवाइकांकडे चौकशी करून चार दिवसांनी कळवू’ ही पद्धत सोडून दिली पाहिजे. तक्रारीसाठी चोवीस तास थांबण्याची गरज नाही. अठरा वर्षांखालील मूल हरवले तर पोलिसांना अपहरणाचा गुन्हा नोंदवावाच लागतो. प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत मात्र आधी केवळ ‘मिसिंग’ची नोंद होते, आणि हीच फट धोक्याची आहे. म्हणून संशयाला कारण असेल तर ते लेखी द्यावे: धमक्या, मारहाण, पैशाचा व्यवहार, संशयिताचे नाव. अर्जाची पोच घ्यावी. हरवलेल्या व्यक्तीचा फोन, जुने संदेश, संगणक यांतील काहीही पुसू नये. गुन्हा परजिल्ह्यात घडला असला तरी जवळच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने तो नोंदविता येतो. 2024 च्या जुलैपासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत तशी स्पष्ट तरतूद आहे.

संकोच हा यातील सर्वांत मोठा अडसर असतो. मुलीची बदनामी होईल, धाकटीचे लग्न जमणार नाही, या भीतीने माहेरचे गप्प बसतात. अशा घरी प्रथम पोहोचावे ते कार्यकर्त्यांनी, त्यातही भगिनींनी. प्रश्न न विचारता सोबत बसावे आणि ठाण्यापर्यंत बरोबर जावे. एकटा बाप जेथे बाहेरच्या बाकावर दोन तास बसून राहतो, तेथे पाच माणसे बरोबर असली की अर्ज लवकर आत जातो, हा सर्वत्रचा अनुभव आहे.

ठाण्यात दाद लागली नाही तर जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवावी, आणि तेथेही न लागल्यास न्यायालय आहे. बेपत्ता व्यक्तीला हजर करण्याविषयीची याचिका आपल्या जिल्ह्यातून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात करावी लागते. वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. बेपत्ता मुलीच्या आईने अथवा बहिणीने अर्ज केल्यास उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळतो, कारण कायद्याने ही सवलत सर्व स्त्रियांना दिलेली आहे.