जुन्या सोबत्यांची भेट



आज आम्ही लढाईची नव्हे, लढाईनंतरची गोष्ट सांगणार आहोत.

आमच्या गावचे तात्या जुने शिपाई. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीतले. तिला जंगी पलटण म्हणतात. १९७१ च्या डिसेंबरात ही पलटण आजच्या बांगलादेशात जमालपूरला लढली. ब्रह्मपुत्रा ओलांडून तिने शत्रूची मागची वाट अडवली. आपल्या ब्रिगेडियरने शत्रूला चिठ्ठी धाडली, की शरण या. उत्तराच्या पाकिटात बंदुकीची गोळी आली! १० तारखेच्या रात्री शत्रू वाट फोडायला निघाला. मोठी चकमक झाली. दुसऱ्या दिवशी जमालपूरची फौज शरण आली.

तात्या धडधाकट परतले. पण दिवाळी आली, की घोंगडी घेऊन मळ्यात जात. फटाके त्यांना सोसत नसत. पोरे हसत. खरे सांगायचे तर आम्हीही हसलो. पंधरा ऑगस्टला त्यांना खुर्ची देत होतो, पण "तात्या, झोप लागते का?" असे कधी विचारले नाही. याला मनाचा आजार म्हणतात आणि त्यावर औषधोपचार असतो, हे आम्हाला फार उशिरा कळले.

काही वर्षांपूर्वी पलटणीच्या जुन्या शिपायांचा बेळगावला मेळावा होता. पत्र आम्हीच वाचून दाखवले. तात्या म्हणाले, "मी न्हाई जायचा, गुरुजी." मग हळूहळू बोलले. त्या रात्री शेजारच्या जखमी गड्याने पाणी मागितले होते. तेवढ्यात पुढे सरकायचा हुकूम झाला. तात्या गेले. पहाटे परतले, तर गडी गेलेला. "बाटली माझ्या कमरेलाच व्हती, गुरुजी."

त्यांच्या घरच्यांनी भरीस घातले. आम्ही सोबत गेलो.

बेळगावात पांढऱ्या मिशांची माणसे एकमेकांना मिठ्या मारत होती. कुणाला काठी, कुणाला ऐकू कमी. नावे विसरली होती, पण कुणाचा खंदक कुठे होता ते पाठ होते. जेवणाच्या पंगतीत तात्यांनी ती गोष्ट काढली. समोरचे सांगलीकडचे गृहस्थ घास हातात धरून थांबले. म्हणाले, "अरे, तू गेल्यावर मी होतो की त्याच्यापाशी. पाणी मीच पाजलं. दोन घोट प्याला. तुझं नाव घेऊन म्हणाला, 'त्यो पुढं गेला न्हवं?' मी म्हटलं, गेला."

तात्या पानावरच रडू लागले. कुणी "रडू नका" म्हटले नाही. आजूबाजूचे चार-पाच म्हातारे नुसते सरकून जवळ बसले. त्यांतल्या एकाने आपलेही असेच काही सांगितले. ते त्याच्या घरीसुद्धा ठाऊक नव्हते. भात निवून गेला.

फटाके तात्यांना अजून सोसत नाहीत. औषध चालू आहे. पण दिवाळीला ते सांगलीकडचे गृहस्थ येतात, आणि मळ्यात आता दोन घोंगड्या असतात.