होडीवाला प्यायलेला असेल तर?

गेल्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. पवना धरणावर कॅम्पिंगला गेले होते, संध्याकाळी होडीत बसायच्या वेळी होडीवाल्याच्या तोंडाला वास येत होता. ग्रुप म्हणाला, "चल रे, पाणी शांत आहे." हा काठावरच थांबला आणि मग आठवडाभर चेष्टा. त्याचा प्रश्न, कायदा काय म्हणतो?

गाडीचं आपल्याला पाठ असतं. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की केस. होडीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम 282 आहे आणि त्यात दारू हा शब्दच नाही. बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे होडी चालवून कुणाचा जीव धोक्यात आणला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे कुणी बुडायलाच हवं असं नाही. पिऊन इंजिन हातात घेणं यात सहज बसू शकतं. जीव गेला तर कलम 106, पाच वर्षांपर्यंत.

पण सगळं चालवणाऱ्यावरच येतं का? नाही. भाडं घेऊन असुरक्षित किंवा जादा भरलेल्या होडीतून माणसं नेली, तर कलम 284 वेगळं आहे.

18 डिसेंबर 2024 आठवा. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, 15 जण गेले. स्पीडबोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. कुलाबा पोलिसांनी लावलेल्या कलमांत 106 आणि 282 दोन्ही होती. पण नीलकमलचा परवाना 84 प्रवाशांचा, आणि आत शंभराहून जास्त माणसं! धडक एकाची, गर्दी दुसऱ्याची.

आपल्या जिल्ह्यातलं उजनीचं तर ताजंच आहे. 21 मे 2024 ला करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली. सात जणांपैकी एकच पोहत काठाला लागला. तिथं दारूचा काही विषय नव्हता, वारा पुरला. शुद्धीवरच्या माणसाला जिथं अशी वेळ येते, तिथं प्यायलेला काय करणार? आणि लाइफ जॅकेटला घामाचा वास येतो ही तक्रार, सॉरी, मला पटत नाही.

आता अपघात झालाच तर. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानं इंजिनाच्या होडीच्या अपघाताची खबर जवळच्या पोलिस ठाण्याला देणं बंधनकारक आहे. होडी काठाला लावून निघून गेलं, असं चालत नाही. पण त्याची वाट बघू नका, तुम्हीच 112 लावा. धरणाच्या काठावर रेंज जाते-येते, म्हणून आधी ठिकाण सांगा, मग होडीत किती जण होते ते. हा आकडा नसेल तर पाण्यात शोधणाऱ्यांना कधी थांबायचं तेच कळत नाही. बसताना डोकी मोजून घ्या आणि काठावर थांबलेल्या मित्राला तो आकडा सांगून ठेवा.